मदतीच्या पानाखालचं नाव

कार्ले,
रविवार

प्रिय आदिनाथ,

तुझा निरोप शुक्रवारी मिळाला. फोन करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून कागद घेतला. घरी सगळे बरे आहेत. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले तरी सकाळी लोणावळा स्टेशनात जाऊन जुन्या सोबत्यांबरोबर चहा पिऊन येतात, त्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. आईचे गुडघे मधूनमधून कुरकुरतात. तुमच्या हायवेलगतच्या तुकड्यातलं भात कापून झालं. मागच्या आठवड्यात तिथून जात होते, तर तुझे आबा बांधावर उभे होते आणि त्यांनी मला हाक मारली. “बरी हायेस न्हवं, पोरी?” एवढंच विचारलं. मी लहानपणापासून त्या बांधावरून जाते आहे आणि त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. मी हो म्हटलं आणि चालत राहिले. पुढे कितीतरी वेळ मला त्याचं कारण उमगेना.

‘गाठोडं’ हे तुझं साधन सुरू केलं तेव्हाची आठवण येते. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर एकेक प्रोग्राम बसवताना पोरं रडकुंडीला यायची. तू म्हणालास, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की हवा तो प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट आपोआप यायला हवा, आणि नको झाला की तसाच एका ओळीत जायला हवा. ते तू करून दाखवलंस. तू हुशार होतास, आजही आहेस, ते मी कधी नाकारलं नाही. मदतीचा मजकूर मात्र माझा. कोणती आज्ञा काय करते, कशी लिहायची, चुकलं तर काय दिसतं, हे सगळं साध्या मराठीत. तू त्याला ‘चिठ्ठी चिकटवणं’ म्हणायचास. मी पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणकासमोर बसवायची, माझा मजकूर वाचायला द्यायची आणि त्या कुठे अडतात ते बघत राहायची. त्यावरून मला एक कळलं होतं. मदत उघडणारा माणूस शिकायला आलेला नसतो. त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं, तो घाईत असतो आणि थोडा घाबरलेलाही. त्याला आधी उदाहरण लागतं, मग अर्थ, आणि ज्या पायरीवर पाय घसरणार, तिथे हात धरणारं एक वाक्य.

ते दिवस वाईट नव्हते. तू बाइकवरून मला कार्ले फाट्यावर सोडायचास. गावात नाही, फाट्यावरच. उसाच्या रसाच्या टपरीमागे मी उतरायची आणि तू पुढे गेल्यावर चालत घरी यायची. मी विचारलं, की तू म्हणायचास, आबांना थोडा वेळ दे. मी दिला. बौद्धवाडीतली मुलगी म्हणजे त्यांना वेळ लागणारच, असं मीच मला समजावत राहिले. पुढे तुझी कंपनी झाली, पुण्यात ऑफिस झालं, गाठोडं मोठमोठ्या संस्थांमध्ये गेलं. मी घरून मदतीची पानं लिहीत राहिले.

‘मुळासकट’ची गोष्ट तुला आठवत असेलच. ‘काढ’ म्हटलं, की प्रोग्राम जातो. ‘काढ मुळासकट’ म्हटलं, की प्रोग्राम जातो आणि त्याने साठवलेली माहितीही जाते. त्याखाली मी दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘साठवलेली सर्व माहिती कायमची पुसली जाईल. आधी नक्कल काढून ठेवा.’ त्या तू काढायला लावल्यास. एवढ्या इशाऱ्यांनी गिऱ्हाईक बिचकतं, म्हणालास. मी भांडले. तुझ्या ऑफिसात, सगळ्यांसमोर भांडले. तू हसून म्हणालास, “मदत कोण वाचतं, रेणुका?” आणि तिथे स्वतः लिहिलंस, ‘प्रोग्राम पूर्णपणे स्वच्छ काढतो.’ स्वच्छ! पानाखाली माझं नाव मात्र तसंच ठेवलंस. मी ते काढायला सांगितलं, तर म्हणालास, तुझाच मान आहे तो.

रुपालीला तू पाहिलेलं नाहीस. कुरवंड्याची आहे. गाठोडं वापरणाऱ्या लोणावळ्यातल्या एका संस्थेच्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या नोंदी संगणकावर ठेवायची. कुणाचं रक्त कोणत्या गटाचं, कुणाला कोणती गोळी, कुणाचा दाब वाढतोय, सगळं तिच्याकडे. नोंदींचा प्रोग्राम अडखळायला लागला, तेव्हा तिने शहाण्या माणसासारखं केलं: मदत उघडली. स्वच्छ काढून नव्याने बसवावा, असा तिने विचार केला. त्यात काय चुकलं? नक्कल ठेवायची डिस्क आधीच बंद पडली होती. तिने ते वर कळवलंही होतं, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. ‘काढ मुळासकट’ या एका ओळीत सगळ्या नोंदी गेल्या. पोट पुढे आलेल्या बायका पुन्हा रक्त द्यायला घाट चढून-उतरून आल्या. रुपालीला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

मी तिच्या घरी गेले होते. मी कोण ते सांगितलं, तरी तिने चहा टाकला. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. ती म्हणाली, “म्या वाचलं हुतं, ताई. परत परत वाचलं. तितं तसं लिवलंच न्हवतं.” मग मलाच विचारायला लागली, की आपल्यालाच कळलं नसेल का? लोकांनी एवढं सांगितलं, की तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला आहे. त्याच आठवड्यात तू सगळ्या जगासमोर लिहिलं होतंस, ‘जे मदत न वाचता आज्ञा चालवतात, त्यांना कोणतंही साधन वाचवू शकत नाही.’ शेकडो लोकांनी वाहवा केली. माझ्या त्या दोन ओळी तू नोंदी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी गुपचूप परत घातल्या होत्यास. आता ते पान उघडणाऱ्याला वाटतं, रुपाली आंधळी होती.

तुझ्या यशाचा मला राग नाही. माझ्या कामाला तू चिठ्ठी म्हणालास, तेही मी गिळलं. पण वाचणाऱ्याला ‘वाचलं नाहीस’ म्हणून खोटं पाडणं मला गिळता येत नाही. त्या बाईने माझ्या नावावर विश्वास ठेवून ती आज्ञा चालवली.

काल मी चौकशी समितीसमोर जाऊन आले. पानाखाली माझं नाव म्हणून मला बोलावलं होतं. शुक्रवारच्या निरोपात तू दोन गोष्टी लिहिल्या होत्यास. आबांनी होकार दिला, तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा करू. आणि त्याच दमात, समितीला एवढंच सांग, की त्या ओळी पहिल्यापासून होत्या, आता आपण एका घरचे. पहिली गोष्ट ऐकायला मी सहा वर्षं थांबले होते, आदिनाथ. ती तू मला दुसरीच्या बदल्यात दिलीस. तिथे त्यांनी मला विचारलं, आदिनाथ तुमचे कोण? आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्यासाठी. काल सांगितलं, आमचं लग्न ठरतंय. मी आकसाने बोलते आहे, असं कुणाला वाटायला नको होतं. मग सांगितलं, की त्या ओळी मी लिहिल्या होत्या, तू काढल्यास आणि नुकसान झाल्यावर परत घातल्यास. त्या पहिल्यापासून होत्या असं मी म्हटल्यावर जुनं पान कुणी उघडून बघणार नाही, असा तुझा हिशेब होता. मीच त्यांना पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडून बघायला सांगितल्या. रुपाली बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं आणि तिच्यासमोर ते वाचून दाखवलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, “म्हंजे मला वाचता येतंय.” कामावर घेतील की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तुझ्या कंपनीचं काय होईल, ते मला माहीत नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. आणि तुझ्या पहिल्या गोष्टीचं उत्तर द्यायचं होतं, म्हणूनही. उत्तर ‘नाही’ असं आहे. आईला सांगून झालं. आबांना तू सांग. माझा नकार त्यांच्यामुळे नाही, हे मात्र त्यांना नक्की सांग.

इतकी वर्षं ‘तुझीच’ लिहीत आले, आज नुसतीच,
रेणुका