देवळाची दारं उघडी असेपर्यंत

४ जून
"देवाला दिलेला मुलगा परत मागायचा नसतो." दादा दूर उत्तरेच्या डोंगरातल्या त्या देवळात पुजारी म्हणून निघाला, तेव्हा आई म्हणाली होती. मला वाटलं, बाई दगडाची आहे! आज दवाखान्यात, नाकात नळी असताना, तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तो कधी येतोय?"
मी म्हटलं, "येईल." आणि उगाच उशी सारखी करत बसले.

५ जून
डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या.
कसं बोलावू? तिकडची सगळी देवळं शंकराचार्यांनी स्थापली, असं तिथले लोक मानतात. पुजारी दूरचा हवा, आमच्यासारख्या ठरावीक घराण्यांतला, लग्न न केलेला. आणि देवळाची दारं उघडी असेपर्यंत त्याने समोरचा पूल ओलांडायचा नाही. हेही आचार्यांनीच घालून दिलं म्हणे. ओलांडला की पद गेलं, कायमचं! आचार्य तिथवर खरंच गेले होते का, कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. या देवळांवर मी अख्खं पुस्तक लिहिलं, मलाही सांगता येत नाही. नियम मात्र पक्का.
दारं थंडीत बंद होतात. आई तोवर थांबायची नाही.

६ जून
दादाशी बोलले. देवळाच्या कचेरीत फोन आहे, तिथे तो ओलेत्यानेच आला असणार. दात वाजत होते.
"बाळे, तिच्या नावाने रोज दिवा लावतो."
"दिवा काय करायचाय तिला? आचार्य संन्यासी असूनही आईच्या शेवटच्या घटकेला गेले होते. लोकांनी तोंडं फिरवली, तरी स्वतःच्या हाताने चिता रचली. तूच सांगायचास ना ही गोष्ट!"
"ते मालक होते गं. मी नोकर."
हसला. मला हसू आलं नाही.
"मग बस देवाजवळ. आई माझ्या एकटीचीच आहे."
फोन आपटला.

७ जून
त्याचाच फोन! आईच्या कानाशी धरला. त्याने संपूर्ण स्तोत्र म्हटलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर मला म्हणाली, "कोण गं हे गुरुजी? आवाज गोड आहे."
फोन चालूच होता. पलीकडे नुसता श्वास. मग तोही नाही.

८ जून
आई दिवसभर बोलली नाही. वेणी घातली तिची. केस किती विरळ झालेत.

९ जून
आई पहाटे गेली. कूस बदलून देत होते, माझा हात तिच्या पाठीखालीच राहिला.
कळवायला देवळात फोन केला. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, ते काल नैवेद्य दाखवून निघाले. आम्ही हाका मारल्या, वळूनही पाहिलं नाही. नव्या पुजाऱ्याला बोलावणं गेलंय."

१० जून
दादा अजून वाटेतच आहे. त्याच्याजवळ फोन नाही, त्याला काही माहीत नाही. पन्नाशीचा माणूस, पूजेशिवाय काही येत नाही, साधा चहासुद्धा!
व्यवस्थापकांना पुन्हा फोन लावतेय. नाहीच म्हणतील. तरी विचारणार — त्याला परत घ्या हो. तो घरात पाऊल टाकायच्या आत तेवढं सांगा मला.