गैरसमजातून दिलेली तक्रार

११ जून, बुधवार

सही केली. झालं एकदाचं!

क्रांती चौकातल्या वकीलबाईंच्या ऑफिसात लाईट गेलेली, घामानं बोटं ओली. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं — 'पती ऋतुराज यांच्याविरुद्ध मी गैरसमजातून तक्रार दिली होती. आता माझी काही तक्रार नाही.' गैरसमज! माझा खांदा त्यानं निखळवला, तोही गैरसमजच असेल मग.

पेन देता देता बाई थांबल्या. "सुरेखाताई, बैठकीत ठरलेल्या अटी यात घालू का?" मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "अवो, भंडारा उचलून शब्द दिलाय त्यांनी. आता अजून काय लिवायचं?" मीही मान हलवली.

१२ जून

रविवारची ती बैठक डोक्यातून जात नाही. सासरे — तात्यासाहेब — सिल्लोडहून पाच-सहा माणसं घेऊन आले. मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती.

तात्यासाहेब म्हणाले, "केस हाय तवर तुमची खेळाची संस्था त्याला कामावर घेत नाय. नोकरी गेली तर घर बसंल आमचं. तू मागं घे. तो इथल्या मैदानावर पाय ठेवणार नाय. सिल्लोडच्या शाखेत पोरांना शिकवंल. सोडचिठ्ठी बी देईल."

मग सातारा गावच्या खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान ऋतुराजनं तळहातावर घेतलं, शब्द दिला. अनवाणी, मान खाली घालून उभा होता. मला त्याची कीव आली — काय म्हणावं मला!

पण खरं सांगायचं तर मी संघातल्या मुलींसाठी हो म्हटलं. तो निलंबित झाल्यापासून खो-खोचा मुलींचा संघ मी एकटीनं सांभाळलाय. तो मैदानावर नसला म्हणजे मला बाकी काही नको.

२ जुलै

खंडपीठात तारीख होती. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? माझ्या मागं तात्यासाहेब, माझे मामा, आई. मी नाही म्हणाले. गुन्हा रद्द झाला.

बाहेर आल्यावर तात्यासाहेबांनी पेढे वाटले. माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला!

७ जुलै

सोनिया आज खांबावरून काय वळली! पाठलाग करणारी तोंडावर पडली. पोरगी राज्याच्या संघात जाणार, लिहून ठेवते.

१४ जुलै

मैदानावर त्याची शिट्टी ऐकू आली. तो मुलींना ओळीनं बसवत होता — माझ्या मुलींना!

तशीच कार्यालयात गेले. संस्थेचे सचिव अप्पाराव सर चहा पीत होते. "मॅडम, केसच राहिली नाही तर मी त्यांना बाहेर कसं ठेवू? उद्या तेच आमच्यावर दावा लावतील." मी भंडाऱ्याचं सांगितलं. "ते तुमचं घरगुती. कागदावर काय आहे? गैरसमज होता, असं तुम्हीच लिहून दिलंय." म्हणजे मुख्य प्रशिक्षक तो, मी त्याच्या हाताखाली. ऑगस्टमध्ये माझा करार संपतोय. पुढं वाढवायचा तर त्याचा शेरा लागणार.

तात्यासाहेबांना फोन लावला. "अगं, सिल्लोडची जागा भरली म्हणं. देवाला अभिषेक घालून टाकू आपण. तू लई मनाला लावून घिऊ नको."

आई कपाळाला हात लावून बसली. मी तिच्यावर ओरडले, मग दोघीही रडलो.

२१ जुलै

सगळ्यांसमोर 'सुरेखा मॅडम, सुरेखा मॅडम' करतो. आवाजात साखर! सोडचिठ्ठीचं विचारलं तर म्हणाला, "घाई काय हाय? आता तर आपलं काई भांडण बी नाय." मी घरी येऊन नुसती पडून राहिले.

२४ जुलै

सोनियाच्या आईचा फोन आला. मी मैदानावरच होते. तो दोन हातांच्या अंतरावर उभा.

"मॅडम, लोक काय काय बोलायलेत परत आलेल्या सरांबद्दल. तुमी संसार केला त्यांच्यासंग. खरं सांगा, पोरीला पाठवू का नको?"

नको म्हटलं तर — मग कोर्टात काय लिहून दिलं, बाई? आणि करार? आईचं औषधपाणी? त्याची नजर माझ्यावरच होती.

म्हणाले, "पाठवा. भिण्यासारखं काही नाही."

"व्हय ना? तुमी म्हणालात म्हंजी झालं," म्हणाली आणि फोन ठेवला. नळाखाली तोंड धूत राहिले कितीतरी वेळ. मला माझीच किळस येतेय.

२५ जुलै

जेवण गेलं नाही.

२८ जुलै

सोनियाचा खो चुकला. तो असा ओरडला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. दंडाला धरून तिला ओळीतून बाहेर ओढलं. पोरगी त्याच्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

३० जुलै

सकाळी सोनियाच्या घरी गेले. पाठवू नका म्हणाले. तुमच्याशी खोटं बोलले, कोर्टातही खोटंच लिहून दिलं. तिच्या आईनं दार लावून घेतलं.

तिथून एकटीच वकीलबाईंकडं. प्रतिज्ञापत्र खोटं होतं, असं कोर्टाला लिहून द्यायचंय म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सुरेखाताई, हे असं लिहून दिलंत तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो. नोकरी जाईल. आणि तो मोकळा तो मोकळाच राहील कदाचित."

म्हटलं, चालेल. लिहा.