राणी म्हणजे मधली चादर

७ जुलै २०१८

खलास म्हणाला कफील, म्हणजे दुकानाचा सौदी मालक. तेही चहा पाजून.

सप्टेंबरात मोहरम लागला की कपड्याच्या दुकानात परका माणूस उभा दिसता कामा नये, असा सरकारचा हुकूम. काउंटरवर सौदीच हवा. माझा रफीक मिसरूड फुटल्यापासून बलदच्या बाजारातल्या त्या दुकानात चादरी, पडदे, पोरांचे कपडे विकतोय. आता तिथे कफीलच्या बहिणीचा मुलगा बसणार.

नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला. इकामा गेला की चौघांनी सामान बांधायचं – रफीक, सुनबाई सादिया, नात लाइबा आणि मी म्हातारी.

सादियाने विचारलं, ‘मग?’ रफीक म्हणाला, ‘मग काय.’ एवढंच बोलणं झालं. भात मात्र तिने करपवला.

बायकापोरांवरचा सरकारी कर परवडेना म्हणून वरच्या मजल्यावरची सफूरा गेल्याच महिन्यात पोरं घेऊन खेडला गेली. नवरा इथेच, पाच परक्या माणसांबरोबर एका खोलीत. आता ही पद्धतच पडलीय – बायकामुलं घरी धाडायची आणि पुन्हा बॅचलर व्हायचं. पन्नाशीचे, गुडघे दुखणारे बॅचलर! सफूराच्या पोराची तीनचाकी अजून जिन्यात पडलीय. येणारेजाणारे तिला वळसा घालून जातात.

९ जुलै

थुवालहून जगदीशचा फोन. हा चिपळूणचा, प्लंबर आहे तिकडच्या मोठ्या विद्यापीठात. रफीकची त्याची ओळख विमानात झाली, तेव्हापासून टिकून आहे. म्हणाला, ‘चाची, इथे चादरी-पडदे सांभाळायला स्टोअरवर माणूस हवाय. रफीकभाईचंच काम ते. फॅमिली क्वार्टरही देतात. पण इंग्रजी लागेल. एक कागद सोडवायचा, मग साहेब बोलणार.’

सादियाने आज केस विंचरले.

कागदात एक पान असतं म्हणे – एकच शब्द दोन वाक्यांत, दोन्हीकडचा अर्थ लिहायचा. लाइबा सुट्टीवर घरीच. म्हणाली, ‘दादी, हा तर माझा चॅप्टर आहे! ॲनिमल्स ॲण्ड रॉयल्टी.’ जनावरं आणि राजेलोक एकाच धड्यात घातलेत. बरोबर आहे. दोघांनाही काम न करता खायला लागतं.

१० जुलै

शाळा सुरू. मास्तरीण दहा वर्षांची, विद्यार्थी पंचेचाळीसचा. मी भाजी निवडत ऐकते.

पहिला शब्द बेअर. म्हणजे अस्वल. तोच शब्द सोसण्याला. तोच ओझं पेलण्याला. तोच मूल जन्माला घालण्याला. मी म्हटलं, हा शब्द कोणी पुरुषाने केलेला नाही. लाइबा हसली. रफीक हसला नाही. त्याने ‘अस्वल’ एवढंच ध्यानात ठेवलं.

मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले गावी, राजिवड्याला. रफीकला त्याच्या बापाने उर्दू शाळेत घातला. लाइबाला इंग्रजी सोडून काही वाचता येत नाही. सादियाला वाचायचा कंटाळा. म्हणून मी ह्या वहीत कोणालाही काहीही म्हणू शकते.

१४ जुलै

किंग आणि क्वीन. लाइबाने विचारलं, ‘अब्बा, क्वीनचे मीनिंग सांगा.’ रफीक पटकन म्हणाला, ‘मधली चादर. किंगपेक्षा लहान, डबलपेक्षा मोठी.’

‘अब्बा! क्वीन म्हणजे राणी. मधमाश्यांची पण असते. कार्ड्समध्ये असते. मांजरी असते ना, तिला पण क्वीन म्हणतात.’

‘मांजरीला?’

‘येस.’

रफीक म्हणाला, आजवर एवढ्या राण्या घडी करून पिशवीत भरल्या, एकीनेही सांगितलं नाही ती मांजर आहे म्हणून. सगळे हसले. सादियासुद्धा. फार दिवसांनी घरात हसल्याचा आवाज झाला. असं हसणं मला परवडत नाही. मागून काहीतरी येतं.

१८ जुलै

डक. बदक. दुसरा अर्थ रफीकने न शिकवता सांगितला – झटकन खाली वाकणं.

‘कसं कळलं, अब्बा?’

‘रोज करतो.’

तपासणीवाले आतापासूनच गल्लीत फिरतात. कोपऱ्यावरचा अत्तरवाला शीळ घालतो. मग ही सगळी बाप्येमाणसं काउंटरमागे बसतात, नाहीतर गोदामात जातात. दुकानं उघडी, दिवे चालू, आत माणूस नाही. काल एक बाई आत उभी राहून हाका मारत होती, पडदा हवाय, पडदा हवाय. रफीक टेबलाखालून तिच्या चपला बघत होता. चपला चांगल्या होत्या म्हणाला, भारीतला पडदा घेतला असता.

२२ जुलै

स्वॉलो. एक पाखरू. आणि गिळणं.

मला येतं, रफीकला येत नाही. ही काय तऱ्हा? क्राउन म्हणजे मुकुट, टाळू, आणि दाताची टोपी. रूलर म्हणजे राज्य करणारा आणि लाइबाची पट्टी. मी पोळ्या लाटताना घोकते, तर हा पठ्ठ्या पुस्तकासमोर बसून भिंत बघतो. लाइबा त्याला पट्टीने टेबलावर टक टक करते. ‘अब्बा, फोकस.’ तो म्हणतो, ‘हो बेटा.’

मी म्हटलं, मलाच पाठवा थुवालला. सादिया म्हणाली, ‘जा अम्मा, तुम्हाला बघून साहेबच पळेल.’ आता तिला तोंड फुटलंय.

२६ जुलै

आज एकही शब्द नाही. रफीक जेवलाही नाही.

१ ऑगस्ट

कफीलचा भाचा दुकानात यायला लागला. नाव सुलतान. रफीकने त्याला शिकवायचं, मग स्वतः निघायचं. म्हणजे स्वतःची खुर्ची स्वतःच पुसून द्यायची.

मला वाटलं, पोरगा माजोरी असेल. रफीक म्हणाला, ‘नाही अम्मा, चांगला आहे. माझ्यासाठी कॉफी आणतो. त्याला तरी कुठे दुकानात बसायचंय, तो कॉम्प्युटर शिकलाय. आई रडते म्हणून बसतो.’ चादरीची घडी घालताना त्याच्याकडून कोपरेच जुळत नाहीत. रफीक त्याचा हात धरून दाखवतो.

वाईट असता तर बरं होतं. निदान बसून शिव्या तरी घालता आल्या असत्या.

५ ऑगस्ट

भांडण. सादिया म्हणाली, ‘मी राजिवड्याला तुमच्या काकीच्या चुलीपुढे बसणार नाही. एक खोली आहे तिथे, त्यातही त्यांची मासळीची जाळी ठेवलीत. लाइबाला कुठल्या शाळेत घालणार? तिला मराठी येत नाही, तिथे कोणाशी बोलणार ती?’

रफीक दाराशी चपलांचे जोड सरळ लावत बसला.

‘बोला ना. दुकानात तर गिऱ्हाइकाशी तोंड बंद होत नाही.’

सून खोटं बोलत नव्हती. चुलत जाऊ माझी, मला ठाऊक आहे ती. मी उठून भांडी घासायला घेतली, सगळी घासून झालेली होती तरी.

लाइबा मधेच पुस्तक घेऊन आली. ‘अब्बा, सब्जेक्ट. राजाची प्रजा. आणि स्कूलमधला विषय.’ रफीकने तिच्यासमोर दोन्ही अर्थ म्हटले. बरोबर म्हटले. आवाज मात्र थडग्यातून यावा तसा.

१२ ऑगस्ट

सकाळी फजरच्या नमाजानंतर रफीक परीक्षेला गेला. पांढरा शर्ट मी इस्त्री केला. जगदीश गाडीने त्याला घेऊन गेला, थुवालपर्यंत शब्द विचारत नेलं म्हणे.

दुपारी असरच्या नमाजाला परत आला. ‘झालं,’ म्हणाला. कागद बरा गेला. क्रेन आलं होतं – बगळ्यासारखा पक्षी आणि ओझं उचलायचं यंत्र – ते लिहिलं. लाइबा टाळ्या वाजवत घरभर फिरली.

‘आणि साहेब काय बोलला?’

‘विचारत होता काय काय.’

‘मग तू?’

‘सगळ्याला हो म्हटलं.’

हा दुकानदार आहे. गिऱ्हाइकासमोर नाही हा शब्द काढायचा नाही, हे ह्याच्या बापाने ह्याला शिकवलं. निळी चादर मागितली आणि नसली तरी ‘आहे ना, बसा’ म्हणायचं, आणि पोराला शेजारच्या दुकानात पळवायचं. बलदमध्ये सगळे तसंच करतात. पण साहेब म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. त्याने विचारलं असेल, तू चोर आहेस का, तर हा म्हणाला असेल, यस सर, बसा.

२१ ऑगस्ट

ईद. किड म्हणजे करडू आणि किड म्हणजे मूल. लाइबाने ताटावर बसून सांगितलं आणि मग मटण खाल्लं नाही. ह्यासाठी शिकवायचं पोरांना.

थुवालहून काही नाही. सुलतान घरी मटण घेऊन आला. दारातूनच दिलं, आत ये म्हटलं तर लाजला. रफीकला उस्ताद म्हणतो. उस्ताद!

२६ ऑगस्ट

झालं! घेतला त्याला. जगदीशनेच फोन केला. सादियाने शेवया केल्या. जेवल्यावर टेप घेऊन बसली. ‘क्वार्टरच्या खिडक्या केवढ्या असतील हो? हे पडदे पुरतील?’ रफीक म्हणाला, ‘पुरतील.’ ‘लाइबाला तिथल्या शाळेत घेतील?’ ‘घेतील.’ सगळ्याला मान हलवत होता. शेवया मात्र वाटीत तशाच.

मी आनंदात आहे का? टेपचं दुसरं टोक धरायला मात्र उठले नाही. वयच तसं असेल.

२९ ऑगस्ट

जगदीश कागद घेऊन आला होता. मी विचारलं, क्वार्टर कधी मिळणार. त्याने हातातले कागद खाली ठेवले.

‘चाची, रफीकभाईने सांगितलं नाही? नियम बदलला. क्वार्टर आता वरच्या साहेबांनाच. बाकी सगळे सिंगल, कामगारांच्या कॅम्पात. मला पण त्या दिवशीच कळलं.’

‘आणि बायकामुलं?’

‘साहेबाने तेच तर विचारलं मुलाखतीत. फॅमिली परत पाठवशील का, एकटा राहशील का. तो हो म्हणाला. म्हणून तर झालं काम.’

सादिया दाराशी उभी होती. हातात टेप.

मी म्हटलं, त्याला प्रश्न कळला नसणार. सवयीने हो म्हणाला. सादियालाही तेच सांगितलं. ‘दुकानदार आहे गो तो, तोंडातून नाही निघतच नाही त्याच्या. फसला.’ रफीक संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पण ओरडलीही नाही. अडाणी माणसावर किती ओरडणार?

नोकरी नाकारायची म्हटलं तर मोहरम तोंडावर आलाय. मग चौघंही जाणार. आता तिघी जाऊ. हाच फरक.

३० ऑगस्ट

लाइबा रडतेय. ‘दादी, माझी चूक आहे. मी अब्बाला फक्त वर्ड्स शिकवले. क्वेश्चन कसा ऐकायचा ते शिकवलंच नाही. बेअर, डक – ह्याचं काय काम होतं?’

मी म्हटलं, गप. नाक पूस. तुझा बाप ढ, त्याला तू काय करणार?

पुस्तक मांडीवर घेऊन पान पान उलटतेय. कुठलं शिकवायचं राहिलं, ते शोधते. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर असं म्हातारपण मी आजवर बघितलं नव्हतं.

६ सप्टेंबर

तिकिटं आली. सामान तिघींचं. रफीक सादियाच्या साड्या, लाइबाचे फ्रॉक घडी करून भरतो. बॅगेत एक बोटभर जागा वाया जाऊ देत नाही. दुकानात एवढं हळू घडी करायला लागला असता तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं.

लाइबा त्याला मदत करते. काल त्याला म्हणाली, ‘सॉरी, अब्बा.’

त्याने ऐकून घेतलं.

९ सप्टेंबर

सादिया लाइबाला घेऊन शाळेचा दाखला आणायला गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, पोर स्वतःला खातेय, तिला समजाव, तुला इंग्रजी कळलं नाही ह्यात तिचा काय दोष.

रफीक बॅगेची चेन लावत होता. वर न बघता म्हणाला, ‘अम्मा, मला कळलं होतं. साहेबाने एकदाच विचारलं, पहिल्या फटक्यात कळलं. बाहेर बाकावर अजून माणसं बसली होती. मी नाही म्हटलं असतं, तर पुढचा हो म्हणाला असता.’

लाइबाला सांगू नकोस म्हणाला.

सांगणार. घरी आली की लगेच. बापाबद्दल तिला काय वाटायचं ते वाटो. तिने नीट शिकवलं होतं.