अकरा नंबरचे बूट

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे, गोळ्या वाटीत. सगळ्या घ्या, कालच्यासारखी एक परत डबीत टाकू नका.

आज सातवीला सरासरी, मध्यक आणि बहुलक शिकवायचंय. पद्धत तुमचीच. तुम्ही पहिल्या बाकावरच्या आम्हा चौघींचे बुटांचे नंबर फळ्यावर लिहायचात: तीन, चार, चार, पाच. मग स्वतःचा बूट काढून टेबलावर ठेवायचात आणि पुढे अकरा लिहायचात. सरासरी चारावरून टुणकन पाचाच्या वर जायची. मध्यक आणि बहुलक मात्र चारावरच ठाण मांडून बसायचे. "एक दांडगा आला म्हणून सगळ्यांनी हलायचं नसतं," असं म्हणत तुम्ही तास संपेपर्यंत एका पायात नुसता मोजा घालून फिरायचात. मोज्याला भोक असायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता शिकवायला उभी राहिले की तोच मोजा डोळ्यांसमोर येतो.

म्हणून तुमचे बूट नेतेय. बुटांशिवाय तुम्ही उंबरठा ओलांडत नाही, हे मला माहीत आहे. परवा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायला तुम्हाला तीन तास लागले, तेही कळलंय. चारला येते, मग दोघं फिरायला जाऊ.

शिकवायला एकच बूट पुरला असता, बाबा. मी दोन्ही नेलेत.

बारकी