तुमची सुरमई

बाबा,

जिभेखाली ठेवायची ती गोळी आता मलाही सुरू झाली आहे. मागच्या महिन्यात रामदासपेठेतल्या दवाखान्याचा जिना चढताना छातीत दाटून आलं. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं, आणि ते वाचून मला हसू आलं. डॉक्टर बिचारे गोंधळले. याच गोळीची बाटली पर्समध्ये घेऊन मी एकदा तुमच्या मागे समुद्रात गेले होते, हे मी त्यांना काय सांगणार? ते आता सांगायला घरातही कुणी नाही. आईही नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आपण तेव्हा कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि आई ते झटकून झटकून घरात आणायची. कामाची पाळी नसली की तुम्ही काठी घेऊन तलावावर जायचे. साधी बांबूची नव्हे, कलकत्त्याहून मागवलेली, रिळाची. रोहू, मरळ जे मिळेल ते आणायचे, नाही मिळालं तरी खुशीत यायचे. मग तुमच्या पाळीत ते मालवणचे काका बदलून आले आणि त्यांनी तुमचं डोकं फिरवलं. दिवाळी झाली की समुद्र निवतो, सुरमई जवळ येते, मुंबईचे हौशी लोक काठ्या घेऊन माझ्या भावाच्या होडीतून खोल पाण्यात जातात, एकेक सुरमई पोराएवढी असते, असं ते सांगायचे आणि तुमचा हातातला चहा थंड व्हायचा. कोराडीच्या तलावाकडे तुम्ही नंतर जरा दयेनंच बघायला लागले.

त्याच वर्षी तुमच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. डॉक्टर म्हणाले, जिना सावकाश चढा, जड उचलू नका, चिडू नका. घरी येताना बसमध्ये तुम्ही माझ्याकडे वळून म्हणाले, "मासे धरू नको म्हटलं काय त्यानं? नाही ना?" मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत मोकळी होते. आईनं तुम्हाला अडवून पाहिलं. ते जमलं नाही, तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. काटोलहून मामानं पाठवलेली संत्री ती पिशवीत भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाय वं त्यांच्यासंगं. समुद्र पाहू दे, पण काठावरून. पाण्यात जाऊ देशील तर मले तोंड दाखवू नको." मग गोळ्यांची बाटली पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

गाडीत तुम्ही खिडकीपाशी काठी उभी धरून बसले होते. मला झोप लागेना. तुमचं डोकं जरा कलंडलं की मी तुमच्या छातीकडे बघायची, वरखाली होते की नाही ते. कोल्हापूरला उतरून एसटीनं घाट उतरताना तुम्ही गप्प झाले, तेव्हा मी दोनदा विचारलं, दुखतं का. "समुद्र दिसते काय ते पाहून राहिलो ना!" तुम्ही वैतागून म्हणाले. दिसला तेव्हा मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढंच.

काठावरून पाहायची आईची अट एक दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचे भाऊ होडीत डिझेल भरत होते आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होते. मी किनाऱ्यावरून ओरडले, आईचं नाव घेतलं, डॉक्टरांचं घेतलं. तुम्ही मागे वळून हात जोडले. बाबा, तुम्ही कुणाला हात जोडलेले मी देवळाबाहेर कधी पाहिले नव्हते. मी चपला हातात घेतल्या आणि होडीत चढले. तुम्हाला पोहता येत नव्हतं, मला येत नव्हतं. आपल्याकडे कुणालाच येत नव्हतं. काकांच्या भावानं, होडी चालवणाऱ्या आपल्या तांडेलानं, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "घाबरू नुको बाय, समुद्र आज तळ्यासारखो हा."

मला तो तळ्यासारखा वाटला नाही. माडांची रांग बुटकी झाली, मग रेघ झाली, मग तीही गेली. मळमळ थांबावी म्हणून मी संत्र्याचं साल नाकाशी धरून बसले आहे. एक हात पर्सवर. तुम्ही मागे दोर सोडून फळीवर बसला आहात, तांडेलानं तुमच्या पोटाशी गोणपाटाची घडी बांधली आहे, काठीचा बुंधा टेकवायला. होडी संथ चालते आहे. कितीतरी वेळ काही होत नाही, आणि मी मनात म्हणते आहे, होऊच नये. मग रिळातून असा कर्रकन आवाज निघतो की मी साल टाकून देते. काठी वाकली आहे. तांडेल इंजिन मंद करतो. "लागली! वडू नुको आता, जाव दे तेका!"

तुमचं तोंड मी तेव्हा पाहिलं. तुम्ही तरुण दिसत होते. मासा दूर पळायचा, दोर सुसाट जायचा, मग ओढ कमी झाली की तुम्ही मागे रेलून काठी उचलायची आणि खाली नेताना रीळ फिरवायचं. एकदा सुरमई पाण्यावर आली, चांदीसारखी, आडवी, आणि पुन्हा खाली गेली. तुम्ही मोठ्यानं हसले. थोड्या वेळानं हसणं थांबलं. ओठांचा रंग बदलला. रिळावरचा हात काढून तुम्ही डाव्या दंडावर दाबला, परत रिळावर नेला.

"बाबा, सोडा."

"थांब वं."

"बाबा!"

तांडेलानं कोयता हातात घेतला आणि विचारलं, दोर कापू काय? तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू सांग," म्हणाले. नागपूरपासून तिथपर्यंत मी तुम्हाला सांगतच आले होते आणि तुम्ही एक शब्द ऐकला नव्हता. नेमकं तेव्हा तुम्ही माझ्यावर सोडलं. मी का म्हणाले कुणास ठाऊक, "कापू नका. मी धरते."

गोळी तुमच्या तोंडात घातली, गोणपाट माझ्या पोटाशी बांधलं, काठी हातात घेतली. बाबा, मला वाटलं नव्हतं की पाण्याखालचा जीव असा ओढत असेल. दोन्ही पाय फळीला लावून मी उभी राहिले. तुम्ही माझ्या मागे, इंजिनाच्या पेटीला टेकून. आधी तुमचा आवाज येत होता, बारीक, गोळी तोंडात धरून बोलल्यासारखा, "आता गुंडाळ... आता सोड..." मग तो बंद झाला.

"बाबा?"

काही नाही.

मान वळवली तर दोर ढिला पडतो, आणि ढिला पडला की मासा सुटतो, हे तुम्हीच सांगितलेलं. मी पाण्याकडे तोंड करून ओरडते आहे, बाबा, बाबा, बोला ना. तांडेल सुकाणू धरून माझ्या एका बाजूला आहे, त्याला विचारते, बघा ना कसे आहेत, तर तो माशाकडेच बघतो आहे. "धरून रव बाय, ढिलो सोडू नुको, इली, इली जवळ!" ती खरंच जवळ आलेली. पाण्यात तिची पाठ दिसते आहे, निळसर. माझ्या मागे नुसतं इंजिन. मला तुम्ही पेटीला टेकून मान टाकलेले दिसत आहात. आई दारात उभी दिसते आहे. मासा शेवटचा जोर करतो. आणि काठी गेली. रिळासकट, एकदम, जशी कुणी हिसकावून न्यावी. मी वळले.

तुम्ही नीट बसले होते. डोळे उघडे. तोंड घट्ट मिटलेलं. एक बोट ओठांवर ठेवून तुम्ही मला गप्प राहायची खूण करत होते. मी तुमच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तुमचे खांदे हलवले. बऱ्याच वेळानं तुम्ही तोंड उघडलं. "काहून बोंबलून राहिली? गोळी होती ना जिभेखाली. डॉक्टरनं बोलू नको म्हटलं होतं." मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं. तुम्ही माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. तांडेलानं होडीच्या दोन फेऱ्या मारल्या. काही दिसलं नाही.

मला वाटलं, तुम्ही रागावाल. परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुले टाकता आली वं काठी. बाप दिसला तुले. मी असतो ना, तर मले नसती टाकता आली." मी तुमच्यासाठी एक संत्रं सोलायला घेतलं. घरी गेल्यावर मी आईपासून लपवायचं म्हणत होते, पण तुम्ही चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. आई आठवडाभर दोघांशीही बोलली नाही. मग ती एकदा भाकरी थापता थापता थांबली, माझ्या डोक्यावरून पिठाचा हात फिरवला आणि पुन्हा थापायला लागली.

पुढे तुम्ही ते सगळ्यांना सांगितलं. पाळीतल्या लोकांना, काटोलला मामाच्या अंगणात, मला बघायला आलेल्या मंडळींनासुद्धा. "पोरीनं बापासाठी हातची सुरमई सोडून देली." प्रत्येक वेळी सुरमई थोडी वाढायची. मी मान खाली घालायची आणि लोकांना ती माझी शालीनता वाटायची. नंतरचे हिवाळे तुम्ही तलावावर साध्या बांबूनं काढले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्स सलाईन बदलायला आली, तेव्हा तिचा हात धरून तुम्ही माझ्याकडे बोट केलं. "हीच ती," म्हणाले. तिला काही माहीत नव्हतं. ती मला बघून छान हसली.

बाबा, हे पत्र मी कुठं टाकणार नाही आणि टाकायला पत्ताही नाही, म्हणूनच हे लिहिता येतं आहे. काठी मी टाकली नव्हती. माझे हात घामानं निसरडे झाले होते, बोटांत जीव उरला नव्हता, आणि सुरमईनं ओढली तशी ती गेली. ती जाईपर्यंत मी तिला घट्ट धरून ठेवायलाच बघत होते. हात रिकामे झाले तेव्हा वळले. काठी तशी गेली नसती, तरी मी वळलेच असते. मला तसं वाटतं. नक्की ठाऊक नाही.