पर्यटकाच्या बॅगेतली कात्री

अहो,

इथं उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उपसून माझी शिवणाची कात्री टेबलावर ठेवली.

“फिरायला आलात की दुकान थाटायला?”

“नवऱ्याची पँट आखूड करायचीय. खाली दुमडून घालतात.”

“नवरा इथेच? मग परत कशाला जाल?”

माझ्या कायमच्या व्हिसासाठी तुम्ही केलेला अर्ज त्याच्या पडद्यावर होता. महिनाभर राहून परत जाईन, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. पाय धरायचेच बाकी ठेवले. तुम्हीही बाहेरून फोनवर माझी हमी दिलीत.

त्याने बरोबर ओळखलं होतं. तुमच्यापर्यंत पोचले असते, तर परत गेले नसते. हे लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं तर तुमचा अर्जही बुडेल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

तुमची,
टेलरबाई

ता. क. सकाळी मला परतीच्या विमानात बसवलं. कात्री तरी बाहेर तुम्हाला द्या म्हटलं, तर नाही म्हणाले.