सगळं आलंय ना गं?

प्रिय शंकासुर,

या नावाने तुला हाक मारून अकरा वर्षं झाली. पाकिटावर तुझं खरं नाव नीट, पूर्ण लिहिलं आहे, पण आत हात आपोआप जुन्या वळणावर गेला. रागावली असलीस तरी वाच. पत्र लांबणार आहे. थोडक्यात सांगणं मला कधी जमलं नाही, आणि हल्ली तर चार ओळी झाल्या की चष्मा काढून डोळे चोळावे लागतात.

तुझा अर्ज समितीकडे पोचला. अहवालावर सही करायचा अधिकार परत मिळावा म्हणून तू केलेला. रंगकामाच्या हॉलचं ते काम तुझ्याबरोबर मीच केलं होतं, म्हणून त्यांनी माझा अभिप्राय मागवला. पंधरा दिवसांची मुदत होती. त्यातले तेरा दिवस तो कागद माझ्या कीबोर्डखाली पडून होता. रोज सकाळी मी कीबोर्ड उचलायचे, कागद आहे ना ते बघायचे आणि परत खाली ठेवायचे. तू गणिताच्या शिकवण्या घेतेस हे मला तुझ्या अर्जातून कळलं. पोरांच्या वहीत प्रत्येक पायरीपुढे प्रश्नचिन्ह काढत असशील, बिचारी पोरं.

ऑफिस आहे तिथेच आहे. जिन्याचा सैल कठडा अजून सैल आहे. तुझ्या खिडकीजवळच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय, तोही तुझ्यासारखाच दर कागदाला कुरकुरतो. मी अजून तेच काम करते, दुसऱ्यांनी बनवलेली मेश, म्हणजे जागेची ती संगणकातली जाळी, आपल्या हवेच्या प्रोग्राममध्ये आत घ्यायची. सासूबाई होत्या तोवर मला विचारायच्या, तू दिवसभर करतेस तरी काय. मी सांगायचे, एखाद्या हॉलचे लाखो बारीक डबे करतात, आणि प्रत्येक डब्याला विचारतात, बाबा, तुझ्यात हवा कुठून आली नि कुठे चालली. डबे मोजून घ्यायचं काम माझं. आणि कडेच्या प्रत्येक पृष्ठभागाला, तू भिंत, तू खिडकी, तू पंखा, असं बजावायचं काम माझ्या मैत्रिणीचं. त्या म्हणायच्या, म्हणजे बोलायचं काम तिचं आणि तू नुसती मोजतेस. तसंच होतं ते.

परक्या घरून आलेली मेश म्हणजे पाहुण्यासारखी, निम्मं सामान विसरून येते. तुला आठवतं, मिलिमीटरचे मीटर समजून मी चाळीस मीटरचा हॉल चाळीस किलोमीटरचा करून ठेवला होता? तू तोंडाला पदर लावून हसलीस आणि म्हणालीस, आता आत बस सुरू करू या. त्या दिवसापासून मेश माझ्याकडून घेताना तू दर वेळी एकच प्रश्न विचारायचीस, सगळं आलंय ना गं? मग वही उघडून एकेका पृष्ठभागाच्या नावावर पेन्सिलीने टिंब द्यायचीस. मला त्या टिंबांचा वैताग यायचा. तुझ्या शंका फिटेपर्यंत दुसऱ्याचं काम उरकून होतं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. त्यावर तू मला घाईबाई हे नाव ठेवलंस, आणि ते सगळ्या मजल्याने उचललं.

रंगकामाच्या हॉलची मेश आली तेव्हा आमच्या ह्यांचं, तुझ्या भावजींचं, ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. मी दवाखान्यातून थेट ऑफिसला यायचे, पिशवीत त्यांचे धुवायचे कपडे असायचे. डबा तू आणायचीस. समोर बसून, एक घास तरी जास्त खा म्हणायचीस. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. पण त्या दिवसांतलं तेवढंच मला धडपणे आठवतं, तुझा डबा आणि स्क्रीनवर आलेली ती सूचना. एकाच जागी दोन दोन पृष्ठभाग सापडले आहेत, दोन हजार तीनशे सोळा जोड्या. एक करायचे का?

अशा जोड्या बहुतेक वेळा कचराच असतात. दहातल्या नऊ वेळा एक करायच्या असतात. दहाव्या वेळी नकाशा उघडून बघायचं, जोड्या नेमक्या कुठे आहेत ते शोधायचं, म्हणजे अर्धा दिवस. मी बघितलं नाही. हो म्हटलं. हॉलच्या मधोमध पत्र्याची एक भिंत होती, फवारणीची बाजू आणि वाळवायची बाजू वेगळी करणारी. मेशमध्ये तिला जाडी दिली नव्हती, नुसत्या दोन बाजू होत्या, पाठीला पाठ लावून. त्याच त्या जोड्या. मी त्या एक केल्या आणि भिंत गेली, तिच्या नावासकट. हवा तिथून बिनदिक्कत वाहू लागली. गणित इतकं सुरेख जुळलं की साहेबांनी आलेख भिंतीवर लावला. अहवालात आपण लिहिलं, दोन पंखे पुरेत.

पुढचं तुला मी काय सांगू. खऱ्या हॉलमध्ये पत्रा जागच्या जागी होता. त्याच्यामागे रंगाची वाफ कोंडली आणि चार माणसं कोसळली. तिघे बरे झाले. चौथा, तो वयस्कर पॉलिशवाला, अजून जिन्यात दोनदा बसल्याशिवाय वर जाऊ शकत नाही. मागच्या वर्षी मी त्याच्या घरी गेले होते. कोण म्हणून ते सांगितलं नाही. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी पाणी पिऊन परत आले. इतकी भित्री आहे मी.

चौकशीत त्यांनी विचारलं, मधल्या भिंतीला अट का दिली नाही, तू भिंत आहेस असं का बजावलं नाही. अटींचा तक्ता तुझा होता, शेवटची सही तुझी होती. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, माझ्याकडून राहिलं. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. मला तेव्हा पुरतं कळलेलं होतं. दोन दिवस आधीच मी प्रोग्रामची नोंद काढून पाहिली होती, त्यात माझं नाव, तारीख आणि त्या दोन हजार तीनशे सोळा जोड्या होत्या. मी मान खाली घालून पिशवीचे बंद नीट करत राहिले. तुझा अधिकार काढून घेतला, तू नोकरी सोडलीस, आणि लोक मला म्हणाले, शंकासुर एवढी चोख, तिच्या हातून असं कसं झालं. मी म्हणत असे, होतं कधीकधी. हे म्हणताना जीभ झडली कशी नाही माझी?

तुला हे माहीत होतं, हेही मला माहीत होतं. तू गेल्यावर आठवड्याने माझ्या खणात तुझी वही सापडली. त्या कामाचं पान तू दुमडून ठेवलं होतंस. सगळ्या नावांवर टिंबं आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ, ‘मधली भिंत यादीत दिसत नाही. विचारलं. सगळं आलंय म्हणाली.’ खाली तारीख. ही वही तू चौकशीत टेबलावर ठेवली असतीस तर पाच मिनिटांत सुटली असतीस. तू ती माझ्या खणात ठेवलीस. तेव्हा भावजी अजून अंथरुणाला खिळलेले होते आणि घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं, याची बेरीज तू केली असणार. मला मात्र वजाबाकीसुद्धा करता आली नाही. एक फोन केला नाही मी तुला. थकले गं आता. कामाने माणूस इतका थकत नाही.

काल चौदाव्या दिवशी मी अभिप्राय पाठवला. शिफारस करते, एवढे दोन शब्द लिहून मोकळं होता आलं असतं, तुझंही काम झालं असतं कदाचित. पण तुझ्या नावापुढे चूक तशीच राहिली असती, तेवढी माफ केलेली. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिलं, प्रोग्रामची नोंद जोडली आणि तुझी वहीही जोडली. तुझी वस्तू तुला न विचारता दिली, त्याबद्दल ओरड मला. माझा अधिकार जाईल, जाऊ दे. भावजींना सांगितलं, ते म्हणाले, तिचा डबा मीही खाल्लाय. पॉलिशवाल्याकडे रविवारी परत जाणार आहे, या वेळी कोण ते सांगायला. आणि हे पत्र अशासाठी, की समितीचं बोलावणं येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, आणि तू तिथे जाऊन पुन्हा मला पाठीशी घालू नयेस. तू घालशील, ओळखते मी तुला. ते विचारतील, मेश हातात घेताना तुम्ही खात्री केली होती का. तेव्हा माझ्याकडून राहिलं असं म्हणू नकोस. तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं. तू विचारलं होतंस, सगळं आलंय ना गं, आणि तुझ्याच डब्यातला घास तोंडात असताना, मान वर न करता, मी हो म्हणाले होते.

तुझीच,
घाईबाई